ओट्यावर ठेवलेला आवाज

आमच्या धंद्यात ‘तात्पुरतं’ या शब्दाइतकं टिकाऊ काही नाही. सॉफ्टवेअर लिहिण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. पक्कं म्हणून बांधलेलं बरंच काही माझ्या डोळ्यांदेखत मोडीत निघालं; तात्पुरतं म्हणून केलेलं मात्र कुठे ना कुठे अजून चालू आहे. गेल्या वर्षी निवृत्त झाले. या अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, “आयटीतल्या गमतीजमती लिहा. दिवाळी आहे, जरा हलकंफुलकं असू द्या.” गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलं की एकच गोष्ट पुढे येऊन बसते आणि बाकीच्यांना वाट देत नाही. ती हलकी नाही. संपादकांनी समजून घ्यावं.

पुण्यातलं आयटी म्हटलं की लोकांना काचेच्या इमारती, कंपनीची बस आणि गळ्यातलं ओळखपत्र दिसतं. आमची कंपनी बिबवेवाडीत होती, घरगुती पिठाच्या गिरण्या दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या वर. दुपारी खाली गिरणी चालवून बघायला लागले की वर आमचे फोन बंद. मालक नितीन माझ्याच कॉलेजचा, दोन वर्षांनी धाकटा, त्यामुळे मला मॅडम न म्हणता ताई म्हणायचा. आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो. कामं छोटी, पण गिऱ्हाईक पुण्यातलं. म्हणजे चुका काढायला कुणी पगारी माणूस ठेवावा लागायचा नाही.

त्या गिऱ्हाइकांमध्ये आगाशेबाई होत्या. शनिवार पेठेत त्यांचा वाचोपचाराचा दवाखाना. घशाच्या कर्करोगात काही जणांचं स्वरयंत्रच काढावं लागतं. माणूस वाचतो, जेवतो, हिंडतो, पण आवाज जातो तो जातोच. आगाशेबाई अशा माणसांना ऑपरेशनच्या आधी बोलावून त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवायच्या. घरच्यांची नावं, रोजची वाक्यं, कुणाच्या सवयीची शिवी असेल तर तीसुद्धा. पुढे वेगळ्या तऱ्हेनं बोलायला शिकवताना त्याचा उपयोग व्हायचा, आणि घरच्यांना तर व्हायचाच. ही रेकॉर्डिंग्ज आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेली असायची; पेशंटना आणि घरच्यांना ती घरूनही उघडता यायची. बाईंची तक्रार एकच होती.

“तुमचं हे यंत्र फार विचारी आहे हो,” त्या फोनवर म्हणायच्या. “फाइल उघड म्हटलं की विचार करत बसतं. समोरचा पेशंट थकून घरी जातो, मग उघडतं.”

आता हे जरा समजावून सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. स्वयंपाकघरात ओटा असतो आणि माळा असतो. माळ्यावर भरपूर मावतं आणि वर्षानुवर्षं राहतं, पण काढायचं म्हणजे स्टूल आणा, चढा, धूळ झटका. ओट्यावरचं लगेच हाताला येतं, पण जागा कमी. म्हणून शहाणी बाई काय करते? मूळ डबा माळ्यावर आणि लागेल तेवढं बरणीत काढून ओट्यावर. ओटा भरला की जी बरणी बरेच दिवस कुणी हलवली नाही ती उचलायची. चिंता नसते, कारण मूळ डबा वर आहेच. कॉम्प्युटरमध्ये माळा म्हणजे डिस्क आणि ओटा म्हणजे मेमरी. एका यंत्राचा ओटा पुरत नाही म्हणून आम्ही सहा यंत्रांचे ओटे जोडून एक लांबलचक ओटा केला. याला आमच्या भाषेत डिस्ट्रिब्युटेड कॅश म्हणतात. काय उचलायचं ते तो ओटा स्वतःच ठरवतो. नियम साधा: ज्याला सगळ्यात जास्त काळ कुणी विचारलं नाही, ते आधी जाणार.

त्यावर मी एक कलाकुसर केली. ओट्यावर सगळं तुकड्या-तुकड्यानं पडलेलं असतं. मी त्याला कपाटाचं रूप दिलं. बाईंना पडद्यावर पेशंटच्या नावाचं फोल्डर दिसायचं. आत फाइल, फाइलचं नाव, तारीख, किती मिनिटांची ते, आणि शेजारी आवाजाची छोटीशी नागमोडी रेघ. खाली कपाट नव्हतंच, ओटा होता. पण बघणाऱ्याला कपाट वाटावं, आणि उघडताच फाइल सुरू व्हावी. झालीही. बाईंचा फोन आला, “आता विचार करत नाही. बरं केलंत.” पुण्यात याला सत्कार म्हणतात. मला त्या कामाचा फार अभिमान होता. खरं सांगायचं तर थोडा अजूनही आहे, आणि त्याचीच लाज वाटते.

नवीन फाइल आली की ती आधी ओट्यावर आणि लगोलग माळ्यावर जावी, अशी व्यवस्था मी केली होती. मग एका शनिवारी काही मोठ्या डॉक्टरांना आमचं काम दाखवायचं ठरलं. सकाळी तालीम करताना नितीन म्हणाला, “ताई, सेव्ह करताना ते गोल गोल फिरतंय. डॉक्टर लोक घड्याळ बघतात.” माळ्यावर जाईपर्यंत थांबावं लागायचं, त्याचं ते फिरणं. माळ्यावर पाठवण्याची एक ओळ होती, ती मी बंद केली. वर टीप लिहिली: ‘तात्पुरतं. डेमोनंतर पूर्ववत करणे.’ खाली माझी आद्याक्षरं.

डेमो झकास झाला. डॉक्टर म्हणाले, सोमवारपासूनच सुरू करा. शनिवारी ज्या यंत्रांवर डेमो दाखवला, सोमवारी तीच आगाशेबाईंसकट सगळ्यांच्या खऱ्या कामाला जुंपली गेली. आमच्यात एक रिवाज आहे, तो कुठल्या पुस्तकात नाही पण सगळे पाळतात: चालत्या गाडीला हात लावायचा नाही. मी लावला नाही. पुढच्या कामाच्या गडबडीत ती ओळ मी विसरले. मुद्दाम ठेवली असती तर निदान लक्षात तरी राहिली असती.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी आगाशेबाईंकडे भालेरावकाका आले. मीच पाठवलं होतं. काका माझ्या वडिलांचे मित्र, येरवड्याला आमच्यापासून दोन घरं पलीकडे राहायचे. नोकरी पोस्टात, पण वस्तीत त्यांची ओळख वेगळी होती. आमच्याकडची लग्नं ते लावायचे. दोन्ही प्रतिमांपुढे मेणबत्त्या लागल्या की काका उभे राहायचे, घसा खाकरायचे आणि त्रिशरण सुरू करायचे. त्या आवाजापुढे हॉलमधली पोरंसुद्धा गप्प बसायची. माझंही लग्न त्यांनीच लावलं. नातीचं, सुजाताचं लग्न लावायचं आणि मग थांबायचं, असं ते म्हणत आले होते. सुजाता तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती, आणि काकांच्या घशात गाठ निघाली.

त्यांनी आगाशेबाईंना सांगितलं, घरच्यांची नावं वगैरे करू, पण मला एक मोठं रेकॉर्डिंग हवं आहे. सुजाताचं लग्न मी आत्ताच लावून ठेवतो. एकवीस मिनिटं ते बोलले. वंदना, पंचशील, नवरा-नवरीच्या प्रतिज्ञा, मंगलगाथा, आणि शेवटी सुजातासाठी चार शब्द. ते चार शब्द बोलताना त्यांनी बाईंनाही बाहेर जायला सांगितलं. नवऱ्यामुलाच्या नावाची जागा मोकळी सोडली होती म्हणे.

मी त्या दिवशी दवाखान्यात होते. बाहेर आल्यावर काकांनी विचारलं, “बाळ, हे राहील ना गं? लग्नाला अजून चार-पाच वर्षं तरी आहेत.”

“काका, तुमच्या-माझ्याहून जास्त टिकेल.”

“नाही, म्हटलं एक पेनड्राइव्हमध्ये घालून दे. घरी ठेवतो.”

मी हसले. “पेनड्राइव्ह काय, हरवतो, खराब होतो. हे सहा मशिन्सवर आहे काका, दोन-दोन प्रती करून. एक बंद पडलं तरी दुसरं आहे.”

ते खरंच होतं. एक यंत्र बंद पडलं तर दुसऱ्यावर प्रत होती. पण ओटाच भरला तर दोन्ही प्रती एकदमच उचलल्या जाणार, हे मला माहीत होतं आणि त्या क्षणी सुचलं नाही, कारण माझ्या मते मूळ डबा माळ्यावर होता. शेजारी आगाशेबाई उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, “मग मी माझा रेकॉर्डर मोकळा करू? भरत आलाय.” मी म्हटलं, “करा की.” एका दिवसात मी दोन प्रती नाहीशा केल्या. हसत हसत.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. काका घरी आले. कुणीतरी त्यांना मुलांची ती लिहायची पाटी आणून दिली, जिच्यावर पेनानं लिहायचं आणि बटण दाबलं की सगळं पुसलं जातं. ती कायम त्यांच्या मांडीवर असायची. भांडणसुद्धा पाटीवर. काकू म्हणायच्या, “पूर्वी आवाज चढायचा, आता अक्षर मोठं होतं.”

त्याच सुमाराला बाईंचे आणखी एक पेशंट होते, पेशानं वकील. हे गृहस्थ रोज सकाळी चहाबरोबर स्वतःचा जुना आवाज ऐकायचे. कोर्टातल्या उलटतपासण्या ते मुद्दाम बोलून ठेवून गेले होते. कुठली फाइल कितीदा उघडली हे आम्हाला दिसायचं, आणि आम्ही ऑफिसात हसायचो. नितीन म्हणायचा, “वकीलसाहेबांचं स्वतःवर प्रेम बसलंय.” माणूस इतका आत्ममग्न कसा असू शकतो, असं मला वाटायचं. त्यांचा एक शब्दही गेला नाही. सगळा आवाज आजही शाबूत आहे.

चार वर्षांनी सुजाताचं लग्न ठरलं. महिनाभर आधी तिचा फोन आला. “आत्या, आजोबांची फाइल प्ले होत नाहीये गं. फोल्डरमध्ये दिसतीये, ट्वेंटी वन मिनिट्स पण दाखवतंय, पण क्लिक केलं की एरर. साउंडवाल्याला द्यायची होती.”

मी म्हटलं, बघते, काहीतरी किरकोळ असेल. अर्ध्या तासात कळलं, किरकोळ नव्हतं. मधल्या काळात आमचे दवाखाने वाढले होते, ओटा भरला होता, आणि तो नेमून दिल्याप्रमाणे बरण्या उचलत होता. कुठे तक्रारीची नोंद नाही, घंटा वाजलेली नाही. वाजणार कशी? ओट्यासाठी हा बिघाड नव्हताच, रोजचं काम होतं. मी माळ्यावर बघायला गेले. डेमोच्या शनिवारनंतरची एकही फाइल तिथे नव्हती. मग ती ओळ सापडली, माझ्या टिपेसकट, माझ्या आद्याक्षरांसकट.

फोल्डर मात्र जागच्या जागी होतं. नावांची यादी कधीच उचलायची नाही, असं मी ओट्याला बजावून ठेवलं होतं. यादी गेली तर कपाट दिसणार कसं? त्यामुळे फाइलचं नाव होतं, तारीख होती, मिनिटं होती. आत आवाज नव्हता. इतरही काही पेशंटांचं असंच झालं होतं, आणि त्यातले दोघे तर आता हयात नव्हते.

त्याच दुपारी शनिवार पेठेत जाऊन आगाशेबाईंना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मला वाटलं टोमणा येईल, मी तयार होते. टोमणा आला असता तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “तुम्ही ‘करा की’ म्हणालात, म्हणून मी रेकॉर्डर मोकळा केला.” मग त्यांनी पेशंटांची वही काढली आणि एकेका घरी फोन करायला घेतला. माझ्यासमोरच. मला जा म्हणाल्या नाहीत, बसा म्हणाल्या नाहीत.

नितीनचं म्हणणं होतं, सर्व्हर क्रॅश झाला म्हणून सांग ताई, लोक समजून घेतात. समजून घेतातच. सर्व्हर म्हटलं की लोक विजेला किंवा नशिबाला दोष देतात. पण काकांनी पेनड्राइव्ह मागितला होता आणि मी हसले होते. तिथे सर्व्हरचा काय संबंध?

येरवड्याला जाण्यापूर्वी तीन दिवस मी सहाही यंत्रांची मेमरी तुकडा-तुकडा चाळली. माझ्या त्या कपाटात एकेका फाइलचे शेकडो तुकडे असायचे. काकांच्या फाइलचा दुसरा तुकडा नव्हता, तिसरा नव्हता, शेवटचा नव्हता. पहिला होता. चार सेकंदांचा. तो एकटाच कसा राहिला, हे मला आधी कळेना. मग नोंदी बघितल्या आणि कळलं. दर दोन-तीन दिवसांनी कुणीतरी ते फोल्डर उघडत होतं. फाइल वाजवत नव्हतं, नुसतं फोल्डर. आणि फोल्डर उघडलं की मिनिटं दाखवायला आणि ती नागमोडी रेघ काढायला माझं सॉफ्टवेअर फाइलचा पहिला तुकडा चाचपून बघायचं. तेवढीच एक बरणी कुणीतरी हलवत राहिलं होतं.

रविवारी सकाळी गेले. काका दारातच पाटी घेऊन बसले होते. ‘ये. जयभीम.’ अशी अक्षरं आधीच लिहून ठेवलेली. मी सगळं सांगितलं, ती ओळ, डेमो, माळा, सगळं. काकांनी बटण दाबलं आणि लिहिलं, ‘कधी गेलं?’

“माहीत नाही काका. दोन वर्षं तरी झाली असतील.”

काकू मोबाइल हातात घेऊन उभ्या होत्या. “म्हणजे मी बघत होते तेव्हा आत काही नव्हतं?”

“तुम्ही बघत होता?”

“दोन दिवसांआड बघायचे. यांचं नाव, ती रेघ. आहे ना जागेवर, म्हणून. वाजवलं मात्र कधी नाही हं. एकदासुद्धा नाही. आमच्या लग्नाची कॅसेट वाजवून वाजवून झिजली होती. मी म्हटलं, सुजीच्या लग्नापर्यंत झिजायला नको.”

काकूंनी ते रोज ऐकलं असतं तर अख्खं राहिलं असतं. जीव लावून, हात न लावता जपलं म्हणून गेलं. चार वर्षांत मी त्या घरी किती वेळा गेले, चहा घेतला. काकू, ऐकता की नाही, एवढंसुद्धा मी कधी विचारलं नाही.

मी पर्समधून पेनड्राइव्ह काढला आणि सुजाताच्या लॅपटॉपला लावला. घसा खाकरल्याचा आवाज आला, मग काकांचा तो जुना, भरलेला आवाज: “हं. बाई, करू का सुरू?” आणि संपलं.

काकूंनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, “परत लाव.” परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं. चौथ्यांदा लावायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. “पुरे गं. झिजेल.”

काकांनी पाटीवर लिहिलं, ‘एवढं लग्नात लाव. पुढचं सगळ्यांना पाठ आहे.’

लग्न विश्रांतवाडीच्या हॉलमध्ये झालं. मेणबत्त्या लागल्या. काका नेहमीच्या जागी उभे राहिले, गळ्याशी पांढरा रुमाल. साउंडवाल्यानं पेनड्राइव्ह लावला. हॉलभर घसा खाकरल्याचा आवाज घुमला, “हं. बाई, करू का सुरू?” मग बायकांमधून कुणीतरी ओरडलं, “करा काका, करा!” लोक हसले, काहींनी डोळे पुसले, आणि काकांनी उजवा हात वर केल्याबरोबर सगळा हॉल एका सुरात म्हणू लागला. काका फक्त ओठ हलवत होते आणि हातानं लय देत होते. लग्न छान लागलं. पुष्कळ जण मला येऊन सांगून गेले की काय कल्पना काढलीत हो. ती कल्पना नव्हती, हे मी त्यांना सांगितलं नाही.

ती ओळ मी तेव्हाच दुरुस्त केली होती. आता सगळं माळ्यावर जातं, दोनदा जातं, आणि गेलं की नाही हे बघायला माणूस आहे. बैल गेला आणि झोपा केला. नव्या मुलांना शिकवताना मी दर वेळी हा किस्सा सांगायचे. ते ऐकायचे, माना डोलवायचे, आणि आठवडाभरात कुणाच्या तरी कामात मला ‘तात्पुरतं’ लिहिलेलं सापडायचं.

पाठवणीच्या वेळी सुजाता काकांच्या पायाशी बसली. “आजोबा, शेवटी माझ्यासाठी काय बोलला होतात? आता तरी लिहून द्या ना.”

काकांनी पाटी मांडीवर घेतली. दोन-तीन ओळी लिहिल्या, वाचल्या, बटण दाबलं. पुन्हा लिहिलं, या वेळी पाटी भरेपर्यंत. पुन्हा बराच वेळ बघत बसले आणि पुन्हा बटण दाबलं. तिसऱ्यांदा तीनच शब्द लिहिले आणि पाटी तिच्याकडे वळवली: ‘ते बोलायचं होतं.’

मी काकांच्या खुर्चीमागेच उभी होते. पहिल्या दोन वेळचं अक्षर मला तिथून स्पष्ट दिसत होतं. मी मान फिरवली आणि हॉलच्या दाराकडे बघत राहिले. सांभाळायला दिलं होतं तेव्हा मी ते सांभाळलं नव्हतं. आता चोरून वाचायचा मला हक्क नव्हता.